समुद्राकडे पाठ

लाकडावर कुत्र्याच्या दातांच्या खुणा होत्या, बरोबर चार, आणि फुएन्सांताचा अंगठा नेहमीच्या सवयीनं चौथ्या खळग्यात जाऊन बसला – गडाच्या किल्लीला बांधलेला हा ऑलिव्हचा ठोकळा तिच्या नवऱ्यानं, एलिसेओनं, तासला होता, पाहुण्यांनी किल्ली चुकून खिशात घालून नेऊ नये म्हणून. आणि तरीही एका डच माणसानं ती ठोकळ्यासकट नेलीच होती, मग पोस्टानं परत आली, सोबत चॉकलेट. तेव्हा कुत्रा होता. ठोकळा नवा होता. एलिसेओ होता... आता ठोकळा गुळगुळीत झालाय, ती मनात म्हणाली, आणि मी तो चाचपत स्वतःच्या दारात उभी आहे, आणि समोरच्या पोरीनं विचारलेल्या साध्या प्रश्नाला मला उत्तर देता येत नाही.

पोरगी म्हणजे नोएलिया, नगरपालिकेतली. गडावर माहितीचा फलक लागायचा होता आणि त्याचा मजकूर दुपारी दोनच्या आत छापायला जायचा होता. मूर सुलतानांनी गड कधी बांधला, ख्रिस्ती राजाच्या सैन्यानं कधी घेतला, टाक्यात किती पाणी मावायचं, हे सगळं लिहून झालं होतं. अडलं होतं शेवटच्या ओळीवर.

"'स्वच्छ दिवशी वरच्या बुरुजावरून समुद्र दिसतो,'" नोएलियानं कागद वाचून दाखवला आणि अदबीनं विचारलं, "बरोबर ना, दोन्या फुएन्सांता?"

"चाळीस वर्षं सांगतेय मी लोकांना."

"ते सगळ्या गावाला माहीत आहे. पण तुम्ही स्वतः पाहिलाय ना?"

आता काय सांगावं? पिकतं तिथं विकत नाही. या गावातलं कोण गडावर जातं? शाळेत असताना एकदा बाई रांगेनं नेतात, त्या वेळी फुएन्सांताला गालगुंड झालं होतं. त्यानंतर माणूस गडाखाली जन्म काढतो, गडाच्या सावलीवरून जेवणाची वेळ ठरवतो, आणि मान वर करून त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. तिचं घर चढावरचं शेवटचं, म्हणून किल्ली तिच्याकडे. पाहुणे दार वाजवतात, किल्ली नेतात, परत आणून देतात. किल्ली देणारी वर गेली तर किल्ली द्यायची कुणी? हे कारण तिनं चाळीस वर्षं वापरलं होतं आणि ते अजून कुठं विरलं नव्हतं.

वर जायचा तो एलिसेओ. रोज सकाळी, न चुकता, तट बघायला. तासाभरानं रानबडीशेप चघळत उतरायचा आणि म्हणायचा, "फुएन्सी, आज दिसला असता, थोडक्यात हुकला. धुकट होतं." नाहीतर – "आज दिसला! चांदीच्या तारेएवढा! तुला हाक मारणार होतो, तर गेलाच." एकदा नेईन तुला, अगदी स्वच्छ दिवस बघून नेईन, म्हणायचा. तो स्वच्छ दिवस काही उजाडला नाही, आणि सहा वर्षांपूर्वी एका रविवारी जेवून उठता उठता एलिसेओच गेला. फुप्फुसं मात्र तरण्या माणसासारखी होती म्हणे, डॉक्टरच म्हणाले. गडावरची हवा, ती म्हणाली होती.

ती समुद्राबद्दल सांगायची ते त्याच्या भरवशावर. परत आलेले पाहुणे कधी कधी म्हणायचे, नाही बुवा दिसला, की ती ठसक्यात म्हणायची, "धुकट आहे आज." पण रात्री भांडी विसळताना कधीतरी... एलिसेओ थापा मारायचा. गोड मारायचा, पण मारायचा. लग्नाआधी त्यानं सांगितलं होतं की त्याला घोड्यावर बसता येतं. समुद्राचीही थापच असली तर? मग त्यानं सांगितलेल्या बाकीच्या गोष्टींचं काय – त्या तर तिनं जपून ठेवल्या होत्या, एकटेपणी काढून बघायला. एकाच दोऱ्यात ओवलेल्या सगळ्या.

"पाहिलाय की," ती म्हणाली.

"छान! मग चला माझ्याबरोबर. फलकावर बाण काढायचाय, समुद्र कोणत्या बाजूला ते दाखवा."

"आणि कुणी किल्ली मागायला आलं तर?"

"किल्ली आपल्याकडेच असणार ना. येईल त्याला दार उघडंच मिळेल."

चाळीस वर्षांचं कारण पोरीनं एका वाक्यात मोडीत काढलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! फुएन्सांतानं एप्रन सोडला, चपला बदलल्या, उगीच केसांवरून पाण्याचा हात फिरवला आणि बाहेर पडली.

शेजारच्या दारात आंगुस्तियास उंबऱ्यावर पाणी मारत होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. एकोणीस वर्षांत दोघींना ते इतकं सफाईनं जमायला लागलं होतं की पावाच्या दुकानात रांगेत एकीमागे एक उभ्या असल्या तरी मध्ये कुणीतरी रिकामी जागा सोडल्यासारखं वाटायचं.

चढ तिला वाटला होता तेवढा वाईट नव्हता. सप्टेंबरचं ऊन, निवडुंगाची फळं लाल झालेली, नोएलिया पुढे, फोनवर कुणाशी तरी भांडत – आणि फुएन्सांताच्या डोक्यात, चढताना येतात तशा नको त्या गोष्टी. ते सूपाचं भांडं. सासूबाईंचं, झाकणाचं, निळ्या पक्ष्यांचं. जुलैतल्या एका सकाळी तिच्या हातून निसटलं आणि त्याचे चौदा तुकडे झाले. तिनं ते परसात लिंबाच्या बुंध्याशी पुरले, वर माती थापटली, मातीवर बादली उपडी घातली. परसाच्या भिंती दोन पुरुष उंच. कुणी पाहणं शक्य नव्हतं. आणि रात्री जेवताना एलिसेओ पावाचा तुकडा मोडत म्हणाला, "फुएन्सी, लिंबाखाली कुणाला पुरलंस? मयताला मला नाही बोलावलंस ते!" हसला खो खो. रागावला असता तर परवडलं असतं.

"कुणी सांगितलं तुला?"

"पाखरांनी."

पाखरं कसली! परसात उघडणारी खिडकी एकच, आंगुस्तियासच्या स्वयंपाकघराची. दुसऱ्याच दिवशी फुएन्सांतानं तिला पावाच्या दुकानात दहा बायकांसमोर चहाडखोर म्हटलं. आंगुस्तियास रडकुंडीला येऊन सांगत होती, "अगं, मी त्या दिवशी बहिणीकडे होते, बसचं तिकीट दाखवू का?" चोराच्या उलट्या बोंबा! संपलं. एलिसेओ मात्र त्यानंतर दर सप्टेंबरात पहिल्या अंजिरांची पिशवी भरून आंगुस्तियासच्या दारात ठेवून यायचा. तू कोणाच्या बाजूनं आहेस, असं फुएन्सांतानं विचारलं की मान खाली घालून म्हणायचा, "जाऊ दे गं, एकटी बाई आहे." आणि सांगायचं म्हणजे, त्यानंतरही त्याला सगळं कळतच राहिलं. त्याच्या वाटचं सॉसेज मांजराला घातलेलं कळायचं, एका सकाळी ती दोरीवर कपडे वाळत टाकता टाकता एकटीच नाचली तेही कळलं. त्या बाईची जीभ! म्हणून दर वेळी राग नव्यानं ताजा व्हायचा.

दाराशी किल्ली तिनंच फिरवली. चाळीस वर्षं जिला रोज तेल दिलं ती कुलपात कशी फिरते, ते हाताला आज पहिल्यांदा कळलं – दीड वेळा, मग एक हलका झटका. पाहुण्यांना ती हेच सांगायची, तोंडपाठ.

आत काही नव्हतं. म्हणजे होतं – तट, वाळकं गवत, झाकण घातलेलं टाकं, आणि कोपऱ्याकोपऱ्यात हिरवीगार रानबडीशेप. नोएलिया टाक्यापाशी थांबली, फलकाच्या खांबासाठी मोजमाप घ्यायला लागली. "तुम्ही व्हा पुढे, मी आलेच."

बुरुजाचा जिना भिंतीच्या पोटातून जाणारा, अंधारा, आणि मूरांचे गुडघे काय लोखंडाचे होते कोण जाणे, एकेक पायरी ओट्याएवढी. अकराव्या पायरीवर ती बसली. वर गेलं की कळणार. आज हवा स्वच्छ आहे, काल वारा होता, धुक्याचं निमित्तसुद्धा नाही. एलिसेओ, ती मनात म्हणाली, खोटा असशील तर आत्ताच सांग, मी इथूनच परत फिरते. पोरीला म्हणेन, गुडघा दुखतो... वरून उजेड येत होता आणि बडीशेपेचा वास. ती उठली.

वर आल्यावर डोळे दिपले, आणि तिनं पहिल्यांदा पाहिली ती खुर्ची.

तटाच्या आडोशाला, कोपऱ्यात. बसकी, काथ्याच्या विणीची, वीण आता कुजून लोंबलेली. आपली खुर्ची. स्वयंपाकघरातली! ही तर त्यानं जानेवारीतल्या सान अंतोनच्या सणाच्या शेकोटीत टाकली होती ना, पाय डुगडुगतो म्हणून? आणि एकदम तिला आठवलं, किल्ली परत देताना किती पाहुणे म्हणाले होते, "खुर्चीची सोय छान केलीत," आणि आपण दारातल्या बाकाकडे बघून "बसा की" म्हणत आलो.

खुर्चीशेजारी भिंतीत जंगी होती – जिथून मूर बाण सोडत असतील तेवढंच भोक – आणि जंगीत एक डबा. लाल तिखटाचा, गंजलेला. तिनं झाकण काढलं. सिगारेटची थोटकं. काठोकाठ. एक लायटर. आणि वर, वर्तमानपत्राच्या तुकड्यात नीट गुंडाळलेली, एक न ओढलेली.

तंबाखू त्यानं सोडली होती! चर्चमधल्या माउलीच्या मिरवणुकीत अनवाणी चालून, सगळ्या गावासमोर सोडली होती, आणि तिनं आनंदानं मेणबत्ती लावली होती, हाताएवढी. म्हणून रोज तट बघायला जायचं. म्हणून बडीशेप. तरण्या माणसाची फुप्फुसं, म्हणे!

"लबाडा," फुएन्सांता मोठ्यानं म्हणाली, आणि हसू आलं ते आवरेना, पोटात दुखेपर्यंत. तिला भिंत धरावी लागली. भिंत धरली तेव्हा ती खुर्चीच्या जागी वाकली होती, आणि त्याच्या बसण्याच्या उंचीवरून, तटाच्या खिंडारातून, तिला दिसलं – समुद्र नव्हे. खुर्चीची पाठ समुद्राच्या बाजूला होती. समोर खाली, हाताच्या तळव्याएवढं, उन्हात लख्ख, दिसत होतं तिचं परस. लिंब. दोरीवरची निळी चादर. उपडी बादली.

पाखरांनी.

तिचं हसू थांबलं. रोज एक तास. कपडे वाळत घालताना, मांजराशी बोलताना, नाचताना – एक सिगारेट ओढत तो तिच्याकडे बघत बसायचा, आणि रात्री जेवताना राहवत नसे म्हणून त्यातलं एखादं बोलून टाकायचा. ते तिला इतकं गोड वाटलं की स्वतःचीच लाज आली. आणि त्याच्या मागोमाग, पायरी चुकावी तसं – आंगुस्तियास. बहिणीकडे होती. खरंच होती. बसचं तिकीट हातात धरून दुकानात उभी होती. आणि हा – हा कशाला बोलेल? मी पाहिलं म्हणाला असता तर, कुठून पाहिलंस? वरून. वर रोज काय करतोस? चार झुरक्यांसाठी यानं एका बाईच्या माथ्यावरचा आळ मरेपर्यंत तसाच ठेवला आणि वर्षाला एक पिशवी अंजिरं देऊन गप्प बसला... नाही, तो बसला गप्प. पण दहा बायकांसमोर बोलले कोण? मी बोलले. मी.

तिला राग आला, खूप आला, आणि समोर एलिसेओ नसल्यामुळे तो कुणावर काढावा ते कळेना. तिनं ती एक सिगारेट हुंगली. नुसती धूळ.

खाली काहीतरी हललं. आंगुस्तियास तिच्या परसात आली होती. तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मग स्टूल ओढलं, त्यावर चढली, आणि भिंतीवरून पलीकडे झुकलेली फुएन्सांताच्या लिंबाची फांदी धरून एक लिंबू तोडलं. पदरचं असल्यासारखं नव्हे, झटकन, चोरून. खिशात टाकलं. मग आणखी एक. सत्तरीची बाई, आणि स्टुलावरून उतरताना आधी कुल्ल्यानं अंदाज घेत उतरली, अगदी शाळेत भिंतीवरून उतरायची तशी. दोघी उतरायच्या तशी.

जिन्यात पावलं वाजली. "दिसतो का, दोन्या फुएन्सांता?" नोएलियाचा दमलेला आवाज खालून आला. "लिहू ना ती ओळ?"

समुद्र पाठीमागे होता. असला तर. नुसती मान वळवायची होती.

"आंगुस्तियास!"

आवाज तिच्या तोंडून गेल्यावरच तिला कळलं की तो आपला आहे. तट ओलांडून, बाभळीवरून, कौलांवरून तो खाली गेला. आंगुस्तियास दचकली, लिंबाचा खिसा हातानं झाकला, दाराकडे पाहिलं, फुएन्सांताच्या स्वयंपाकघराकडे पाहिलं, गल्लीकडे पाहिलं. गडाकडे नाही. गडाकडे या गावात कोण बघतं?

"अगं, इकडे! वर!"

पुढे काय म्हणायचं ते तिला ठाऊक नव्हतं. सगळं गाव ऐकणार होतं, आणि ऐकलेलं बरंच, कारण तेव्हाही दहा जणींनी ऐकलं होतं. तिनं ठोकळ्याची किल्ली उंच धरली आणि दोन्ही हात हलवायला लागली. खाली आंगुस्तियास डोळ्यांवर हात धरून अजून कौलं धुंडाळत होती, मागे नोएलिया शेवटच्या पायऱ्या चढत पुन्हा विचारत होती, आणि फुएन्सांताला एवढंच वाटत होतं की हिनं वर बघावं, एकदाच मान वर करावी. समुद्राचं नंतर बघू.