अंधाऱ्या खोलीतला हिरवा उजेड

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. जुना म्हटले की लोकांना लगेच भंगारवाला आठवतो, म्हणून आधीच सांगून ठेवतो: माझी भिंगे अजूनही तुमच्या डोळ्यांपेक्षा चांगली आहेत.

कारखान्यात ती भिंगे घासूनपुसून तयार झाली आणि मी या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आलो. माझे काम अंधारात चालते, म्हणून मला बिनखिडकीची खोली मिळाली. सुरुवातीला काय कौतुक होते माझे! पाहुणे आले की आधी मला दाखवत. पुढे शेजारच्या खोलीत पडद्यावर चित्र दाखवणारे नवे यंत्र आले आणि माझ्या डोक्यावर प्लॅस्टिकची टोपी चढली. इथली तंत्रज्ञ ताई तेवढी ती टोपी काढून मला कामाला लावते.

आपल्या रक्तात प्रतिपिंडे असतात. बाहेरून आलेल्या रोगजंतूंना पकडणे हे त्यांचे काम. पण क्वचित एखाद्याच्या शरीरात कुंपणच शेत खाते. ती प्रतिपिंडे आपल्याच मेंदूतल्या पेशींना धरतात. अशी शंका आली की ताई काचेवर ठेवलेल्या उंदराच्या मेंदूच्या पातळ कापावर त्या माणसाच्या रक्तातला पिवळसर द्रव ठेवते, वरून चमकणारा रंग घालते. प्रतिपिंडे चिकटली असतील तर माझ्या दिव्याखाली हिरवे चमकते. नसतील तर नुसता काळोख.

एकदा शिवणकाम करणारी एक बाई रक्त द्यायला आली. पाठ फळीसारखी ताठ. तेवढ्यात कुणाच्या तरी हातून ट्रे पडला आणि दचकून तिचे अंग असे आखडले, की ती उभीच्या उभी कोसळली. नवरा तिला उचलता उचलता ताईला म्हणाला, "घाबरू नका, आमची नाटककंपनी आहे ही. सगळ्या तपासण्या झाल्या, कशात काही नाही. आता ही शेवटची. यातही नाही निघालं, तर डॉक्टर बंद नि औषधंही बंद."

मला फार वाईट वाटले.

ताईने काच लावली, डोळा लावला आणि ओरडली, "अरे, चमकतंय! या, बघा!" असा आजार लाखांत एखाद्याला होतो. सगळी प्रयोगशाळा लोटली. जो तो 'मला बघू' करत माझ्यापाशी रेंगाळला. इथेच घोटाळा झाला. तो रंग दिव्याखाली जितका वेळ राहील तितका विटतो. आनंदाच्या भरात ताई ते विसरली आणि ओरडायला मला तोंड नाही. मोठे डॉक्टर आले तेव्हा सगळे काळे झाले होते.

"मला काही दिसत नाही, ताई."

"सर, आत्ता होतं हो! सगळ्यांनी पाहिलं."

"पण सही माझी असते ना. न दिसलेलं कसं लिहू? पुन्हा करा."

नळीच्या तळाशी एका काचेपुरताच द्रव उरला होता. या वेळी ताईने दाराला आतून कडी घातली. डॉक्टरांचे डोळे अंधाराला सरावेपर्यंत त्यांना बसवून ठेवले. दुसऱ्याच एका काचेवर माझी भिंगे जुळवली, मग ती काढून बाईची काच ठेवली आणि स्वतः न पाहताच मागे सरली. तिला किती मोह होत होता, ते मला ठाऊक आहे. डॉक्टर वाकले. माझा दिवा म्हातारा झाला आहे, ऐन वेळी दगा देतो की काय या भीतीने माझा जीव टांगणीला लागला.

"आहे," डॉक्टर म्हणाले. "तिची लक्षणं आणि हे, नेमकं जुळतंय. बोलवा दोघांना. उपचार करता येतील."

नवराबायको आत आली. "मला दाखवा," बाई म्हणाली. पण तिला वाकता येईना आणि मला उंच होता येईना. शेवटी नवराच वाकला.

"खरंच आहे गं," तो पुटपुटला.

"मग दोन वर्षं मी काय सांगत होते?"



मित्रांनो, माझी भिंगे पुसत जा, दिवा वेळेवर बदला, एवढे मागणे तर आहेच. पण तुमच्या घरात कुणी "मला त्रास होतोय" म्हणाले, तर त्याला नाटकी म्हणून मोकळे होऊ नका. ते खरे ठरवायला माझी वाट पाहू नका. मी आता जुना झालो आहे आणि तुमच्या घरी तर मी नाहीच.