कोऱ्या कागदांवरच्या सह्या

चष्म्याचं घर शोधायला म्हणून तिने दिराच्या पिशवीत हात घातला, तर हाताला घडी घातलेले चार कागद लागले. उलगडले, तर कोरे. तळाशी फक्त नवऱ्याची सही आणि बाजूला दिराच्या अक्षरात वार. सोमवार ते गुरुवार, रोज एक.

कोऱ्या कागदावर सही कशाला घेतात, हे कळायला फार शिकावं लागत नाही. वर मागाहून वाटेल ते लिहिता येतं. पाट्या रंगवायचं दुकान नवऱ्याच्या नावावर होतं आणि धाकटा भाऊ त्याच्याच हाताखाली तयार झालेला. नवरा समोर हॉस्पिटलच्या कॉटवर, पिवळाधमक, अर्धवट झोपेत. बी प्रकारच्या काविळीने यकृत जवळजवळ बंद पाडलं होतं. पुढचे दोन आठवडे निघाले तर निघाले, असं डॉक्टर म्हणाले होते.

आणि दीर रोज चार वाजता तिला चहाला खाली पाठवायचा. तुमचे पाय मोकळे होतील, म्हणे. कोण ती काळजी! कुठेतरी पाणी मुरतंय, हे तिला तेव्हाच कळायला हवं होतं.

आजही चार वाजले.

"वहिनी, चहा?"

"आणते," म्हणून ती थर्मास घेऊन दाराबाहेर जाऊन उभी राहिली. दोन मिनिटांनी आत आली, तेव्हा तो भावाच्या बोटांत पेन अडकवत होता.

"भावजी, कशावर सह्या घेताय त्यांच्या?"

पेन खाली पडलं. तिने चारही कागद चादरीवर ठेवले.

"दुकान हवंय ना? सरळ मागायचं. माणूस शुद्धीवर नसताना हे धंदे?"

त्याने झटकन कागदांवर हात ठेवला. तिची खात्रीच पटली.

तेवढ्यात सिस्टर आल्या. "आजची सही झाली का?" मग तिचा चेहरा बघून थांबल्या. "यांना सांगितलं नाही तुम्ही?"

मग सिस्टरनीच सांगितलं. यकृत थकलं की रक्तातली घाण डोक्यात जाते, आणि ते रिपोर्टच्या आधी हातात दिसतं. म्हणून डॉक्टर रोज एक सही मागतात. सही बिघडली की समजायचं, पेशंट घसरतोय. ते काम तिच्या दिराने अंगावर घेतलं होतं.

"मीच म्हटलं, वहिनींना नको सांगायला," दीर म्हणाला. "तुम्ही त्या कागदाकडेच बघत बसला असता."

ती ओशाळली. कागद गोळा करू लागली.

"कालची बघा की, किती छान आलीय," सिस्टर म्हणाल्या. "डॉक्टर सकाळी एवढे खूश झाले. यकृत बदलतात त्या हॉस्पिटलला फोन करणार होते, तो दोन दिवस थांबवला."

तिने कागद ओळीने लावले. सोमवारची सही ठीक. मंगळवारची थरथरलेली. बुधवारची वाचताच येईना. आणि गुरुवारची थेट पाटीवर चढवावी अशी.

ती तिने खिडकीपाशी नेली. नवरा आधी वरची रेघ ओढायचा आणि मग तिला अक्षरं टांगायचा. उलटं काम म्हणून गिऱ्हाईकं हसायची, पण वीस वर्षं त्याने सवय सोडली नाही. धाकट्याची अक्षरं आधी, रेघ शेवटी. या सहीत कान्यांची टोकं रेघेच्या वर डोकावत होती.

तिने दिराकडे पाहिलं. तो भावाच्या पायांवरची चादर सारखी करत होता. ती सारखीच होती.

"काल हात उचलतच नव्हता," तो म्हणाला. "म्हटलं, एवढा एक दिवस..."

मघाचा संशय खरा निघाला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. नुसतं दुकानच गेलं असतं.

"सिस्टर, ही सही यांची नाही. डॉक्टरांना आत्ता बोलवा. तो फोन आजच करायला सांगा."

सिस्टर धावल्या. तिने पेन उचलून नवऱ्याच्या बोटांत धरवलं, खाली कोरा कागद सरकवला. बऱ्याच वेळाने हात हलला. एक आडवी रेघ उमटली. वाकडी होती, पण आधी रेघच. मग पेन रेघेखाली नुसतंच थांबून राहिलं.

तिने कागद दिरापुढे धरला.

"वार घाला, भावजी. आजचा."