रंगवलेले हात

"आई, अजिबात हलायचं नाही हं. श्वाससुद्धा हळू घे."

"मेल्यावर बसेनच की तशी," आई म्हणाली आणि मांडीवरच्या सदऱ्याला बटण लावत राहिली.

माझी थोरली बहीण इस्पितळात एक्स-रे काढायची. आईचा एकही फोटो नव्हता. दादाला परवडत होतं, सुचत नव्हतं. शेवटी ताईनेच दुधाच्या पावडरीचा डबा आतून काळा रंगवला, त्याला सुईच्या टोकाएवढं भोक पाडून वर चिकटपट्टी लावली; झाला कॅमेरा. इस्पितळातल्या अंधाऱ्या खोलीत मुदत संपलेल्या एक्स-रे फिल्मचा तुकडा आत बसवला. अंगणातल्या उन्हात, आईसमोरच्या स्टुलावर डबा ठेवून तिने पट्टी उचलली आणि दोन-तीन मिनिटांनी परत लावली.

फोटोत चेहरा असा उतरला, की आता ही बोलेल. हातांच्या जागी मात्र नुसता धूर.

"हात कधी थांबलेत तिचे?" ताई म्हणाली. "बरोबरच आलेत."

त्याच वर्षी आई गेली. फ्रेम करतो म्हणून दादाने फिल्म आणि एकुलती एक प्रत नेली. स्टुडिओवाल्याने फिल्मवरच ब्रश चालवून मोठा फोटो काढून दिला. पहिली प्रत हरवली म्हणे. फोटोत आईला गुबगुबीत हात फुटले होते. एकावर एक ठेवलेले, बोटांत अंगठ्या. मला शिसारी आली. त्याहून किळस आली वहिनीची. जिवंतपणी सासूला पाहुण्यांसमोर येऊ न देणारी ती, आता येईल त्याला फ्रेम दाखवत होती, "बघा, कशा खानदानी दिसतात!"

"खरवडून निघेल का गं?" मी ताईला विचारलं.

तिने फिल्म उजेडात धरली. "रंगाबरोबर आईही निघेल."

तेवढ्यात दादा म्हणाला, "एवढं येतं तुला, तर आमचाही काढ की जोडीने!"

मला वाटलं, ताई डबा फेकून मारते आता. तिने तो फळीवरून काढून माझ्या हातात दिला. झाकण सैल होतं. आत फिल्म नव्हती. मी झाकण घट्ट दाबलं आणि डबा त्या दोघांसमोर नेऊन ठेवला. ताईने पट्टी उचलली.

"हललात तर बिघडेल," एवढं बोलून ती भांडी घासायला आत गेली.

बाहेर दोघं भर उन्हात छाती काढून बसली होती. घाम डोळ्यांत उतरला, तरी पुसायला कुणी हात उचलला नाही.