कोऱ्या पट्ट्यातलं बोरॉन

धाकट्याने कुदळीचा दांडा थोरल्या भावाच्या उजव्या मनगटावर घातला, तेव्हा हाड मोडल्याचा आवाज मला वजनकाट्यापाशी, वीस पावलांवर ऐकू आला. त्याला कारण मीच पुरवले होते.

भावांची पैज साधी होती. बटाट्याचे चार पट्टे: एकाला जस्ताची फवारणी, एकाला बोरॉनची, एकाला दोन्ही, चौथा कोरा. कोरा मागे पडला तर पुढच्या हंगामापासून शेती धाकट्याच्या मताने, नाहीतर थोरल्याच्या. माती-प्रयोगशाळेतला मी पंच. काढणीनंतर कोऱ्या पट्ट्याचे वजन बोरॉनच्या पट्ट्याइतकेच भरले.

"तुझं औषध आणि माझं साधं पाणी," थोरला म्हणाला, "जुळी भावंडं निघाली की रे."

मी पानांच्या तपासणीचा अहवाल उघडला आणि दोघांसमोरच वाचला. कोऱ्या पट्ट्याच्या पानांत किलोमागे एकतीस मिलिग्रॅम बोरॉन होते. खत न घालता या मातीत पंधराही मिळत नाही.

धाकटा वळला. "दादा, पावडर ठेवतो त्या पंपखोलीची किल्ली तुझ्याकडेच असते. चोरून फवारलंस."

"तुला खोटं पाडायला मला तुझीच पावडर लागते होय? अक्कल गहाण टाकलीस काय?"

धाकट्याने कॉलर धरली. थोरल्याने त्याला बटाट्यांच्या ढिगावर आपटले, मानेवर गुडघा रोवला आणि तोंडात मूठभर माती कोंबली. धाकट्याच्या हाताला दांडा लागला. मनगट गेल्यावर थोरल्याने डाव्या हाताने काढणीचे दाताळे उचलले आणि भावाच्या मांडीत रुतवले. मी मध्ये पडलो. कोणाचे तरी कोपर लागून माझा एक दात पडला. थोरल्याच्या बायकोने, वहिनींनी, पाण्याची बादली दोघांवर फेकली. पाण्याने नव्हे, बादलीच्या कडेने ते थांबले. थोरल्याची भुवई फुटली होती.

तेव्हा कुठे, जो प्रश्न आधी विचारायला हवा होता, तो मी विचारला.

"फवारणीनंतर पंप कुठे धुता?"

धाकट्याने माती आणि रक्त थुंकले. "त्या नळावर. तीन-तीनदा खळबळून. विहिरीपासून लांब धुवा, असं तुम्हीच सांगितलं होतं."

नळ कोऱ्या पट्ट्याच्या डोक्यावर होता. तिथून सरी थेट शेवटच्या रोपापर्यंत उतरत होती. बोरॉन फार थोडे लागते. ते धुवणातूनही पुरते.

थोरल्याच्या मनगटाला वहिनी टॉवेल गुंडाळत होत्या. बोटे हलत नव्हती. डाव्या हाताने त्याने खिशातली किल्ली काढली आणि धाकट्याच्या पुढ्यात टाकली.

"म्हणजे जिंकलं कोण?" त्याने मला विचारले.

"कोणीच नाही. तुलनेला कोरा पट्टाच उरला नाही. प्रयोग पुन्हा करावा लागेल."

"करा की," थोरला म्हणाला. "पण खोदणार कोण?"

धाकट्याने किल्लीकडे हात नेला नाही. आपली मांडी त्याने दोन्ही हातांनी दाबून धरली होती.