देश क्रमांक एक्केचाळीस

तोंडी परीक्षेला जेमतेम चहा निवेल एवढा वेळ उरला होता. तेवढ्यात सरांनी मला कॉरिडॉरच्या कोपऱ्यात ओढलं आणि हळूच विचारलं, "तो एक्केचाळीस नंबर तू वगळलास ना?"

"वगळला? सर, त्याच्यावर अख्खं तिसरं प्रकरण आहे."

सरांचा चेहरा उतरला.

सर माझे गाईड. खनिजांवरून देशांमध्ये आणि कंपन्यांमध्ये जी ओढाताण चालते, तो त्यांचा विषय. त्यांच्या नादाने माझाही. खाणींचे करार गोपनीय असतात, म्हणून आमच्या आकडेवारीत देशांना नावं नाहीत, नुसते क्रमांक. एक ते चाळीस सगळ्यांची कहाणी एकच: तांबं सापडलं, त्याच्या जोरावर कर्ज काढलं, भाव पडला, देश बुडाला. तरला तो एकटा एक्केचाळीस. तिथे भाव चढला की सरकारचा वाटा आपोआप चढायचा आणि वरचा पैसा वेगळ्या निधीत पडायचा. माझा प्रबंध या एका देशाच्या खांद्यावर उभा होता.

"तो मी बनवलाय," सर म्हणाले.

"म्हणजे त्यांचा कायदा?"

"देशच. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी. दरवर्षी फाईलमध्ये एक खोटा देश घुसवतो, कोण पकडतं ते बघायला."

"कोणी पकडला?"

"अजून तरी नाही." सरांनी घसा खाकरला. "ती फाईल तुझ्याकडे आलीच कशी?"

"तुम्हीच पाठवलीत."

"हां, तेही झालं असेल."

ताई बाकावर बसून सगळं ऐकत होती. थोरली बहीण म्हणून ती रजा टाकून आली होती, बहुतेक मी पळून जाऊ नये म्हणून. एका कॉलेजने शिकवायची जागा माझ्यासाठी धरून ठेवली होती. आज पदवी हातात पडली नाही तर ती दुसऱ्याला जाणार होती.

"आत गेल्या गेल्या सांगून टाक," ताई म्हणाली.

"विचारलं तर सांगू," सर म्हणाले. "आपण होऊन कशाला?"

आत दोन परीक्षक होते. एक खाण-सल्लागार बाई, एक करतज्ज्ञ. बाईंनी प्रबंध उघडला तो थेट तिसऱ्या प्रकरणावर.

"हा देश मी ओळखला," बाई म्हणाल्या. "नाव घेत नाही. पण त्यांच्या मंत्रालयात मी बसलेली आहे."

सर टेबलाखाली काहीतरी शोधायला वाकले.

"गंमतच आहे," करतज्ज्ञ म्हणाले. "मीही ओळखलाय. दोन उन्हाळे काढलेत तिथे. रस्ते भयंकर."

"काहीतरीच काय! खाणीपासून बंदरापर्यंत सरळ रस्ता आहे."

"बंदर? बाई, त्या देशाला समुद्रच नाही!"

बाईंनी उठून भिंतीवरच्या नकाशावर एका ठिकाणी बोट ठेवलं. करतज्ज्ञांनी उठून वीतभर लांब आपलं बोट ठेवलं. मग दोघांनी बोटं न उचलता माझ्याकडे मान वळवली.

"तुम्ही सांगा. समुद्र आहे की नाही?"

एकाला खूश केलं की दुसरा मला नापास करणार होता. सर अजून टेबलाखालीच होते.

"समुद्र नाहीये," मी म्हणालो.

करतज्ज्ञ खुलले.

"जमीनही नाहीये."

मग मी सगळं सांगितलं. दोघांची बोटं भिंतीवरून हळूहळू खाली आली. सर पेनाचं टोपण घेऊन वर आले. "तसा तो अगदी प्राथमिक स्वरूपाचा देश आहे," ते म्हणाले.

बाई खुर्चीत बसल्या. "याच प्रकरणावरचा तुमचा लेख गेल्या वर्षी छापून आला होता, तो वाचून मी एका सरकारला हाच कायदा लिहून दिलाय. खरं सरकार. पुढच्या आठवड्यात मतदान आहे." त्यांनी दार लागलंय का ते पाहिलं. "असं करू. हे बोलणं इथे झालंच नाही. प्रकरण चांगलं आहे. तुम्ही पास."

सर माझ्याकडे असे बघायला लागले जणू मीच त्यांचा गाईड आहे. मला कॉलेजची ती जागा दिसत होती, अगदी टेबल-खुर्चीसकट.

"बाई, तिथे उद्या भाव पडला तर?"

"तर तुमच्या देशासारखा निधी असेल."

"आमच्या देशात भाव पडला नाही. सरांनी आकड्यांत तो पाडलाच नाही."

"वेळ नव्हता," सर म्हणाले.

"प्रकरण काढा," मी म्हणालो.

"काढलं तर उरतं काय?" करतज्ज्ञांनी विचारलं.

"चाळीस बुडालेले देश."

"आणि निष्कर्ष?"

"तोही त्यांच्याबरोबर गेला."

बाहेर आलो तेव्हा ताई उभी राहिली. माझ्या मागोमाग बाई फोन कानाला लावून निघाल्या आणि जिन्याकडे जाता जाता, मतदान थांबवा, थांबवा म्हणते ना, असं कोणाला तरी ओरडून सांगत होत्या.

"नापास?" ताईने विचारलं.

"नाही. दुरुस्ती. सहा महिने."

"कॉलेज थांबेल?"

"नाही."

ताईने माझ्या हातातला प्रबंध घेतला आणि पर्सबरोबर काखेत मारला. "करायचं काय सहा महिन्यांत?"

"तरलेला एक खरा देश शोधायचा."

"आणि नाहीच सापडला तर?"

"तर तसं लिहायचं."

"चल," ताई म्हणाली, "मतदान थांबलं का बघू आधी." आणि बाईंच्या मागे जिना उतरायला लागली.