दहा हजार एक मणी

ताची गेली, माझी थोरली बहीण, आणि तिच्या मुलीने, सिओक हूनने, मण्यांची बरणी माझ्या पुढ्यात आणून ठेवली. राईएवढे काचेचे मणी; असले आता मिळत नाहीत. आईने शेवटच्या वर्षी एक पुरं भरलेलं कापड उसवलं आणि त्यातला एकूण एक मणी या रिकाम्या बरणीत टाकला, असं पोरगी म्हणाली. कापड कसलं, ते तिने पाहिलं नव्हतं.

का उसवलं, ते मला ठाऊक आहे. आम्हा चिन्यांच्या नववर्षाला धाकटीने थोरलीच्या घरी जाऊन तिच्यापुढे गुडघे टेकायचे असतात. ताचीने माझ्या कोळंबीच्या सांबालला, मिरचीच्या त्या झणझणीत कालवणाला, पाणचट म्हटलं होतं, म्हणून त्या वर्षी मी रस्ता ओलांडून समोर तिच्याकडे गेले नाही. आता एवढंच कळायला हवं होतं, की ती ते कुणासाठी भरत होती.

मणी मोजले. दहा हजार. पुन्हा मोजले तर दहा हजार एक.

सून म्हणाली, "एका मण्याने काय आभाळ कोसळतंय?" तिला काय सांगणार, तिने लावलेलं बटण आठवडाभर टिकत नाही. ताची कापड चौकोनीच भरायची, प्रत्येक ओळीत सारखे मणी. दहा हजार असले तर शंभराच्या शंभर ओळी, ऐंशीच्या सव्वाशे, दोनशेच्या पन्नास, काहीही जमतं. हा आकडा म्हणजे बोलावेल त्याच्या घरी जेवणारा. पण दहा हजार एक? माझी शाळा तिसरीत सुटली, भागाकार नाही सुटला. दोनाने जात नाही, म्हणजे चार, सहा, आठ, त्याचं सगळं खानदान बाद. तीन नाही, पाच नाही, सात नाही. अकराला दोन उरले. दोन दिवस पाटी पुसत बसले, तेव्हा त्र्याहत्तरला खाली शून्य आलं. एकशे सदतीस मण्यांच्या त्र्याहत्तर ओळी. ते दोन्ही आकडेही पुढे कशानेच फुटेनात. म्हणजे याच्या पोटात एकच कापड.

सगळं त्या एका मण्यावर. आणि एकटीच्या मोजण्यावर माझाच भरवसा नाही. मी कुणाची मदत मागत नाही. सिओक हूनला दोन ओळी धाडल्या, ये म्हणून. रविवारच्या बसने आली. ती बशीत शंभर मोजायची, मी पुन्हा मोजायची. शंभर बश्या झाल्या, एक मणी उरला. उलट मोजलं, तरी एक उरला.

मग दहा मणी दोऱ्यात ओवून माप काढलं. कापड जेमतेम वीतभर लांब, अर्धी वीत रुंद.

"चष्म्याचं घर," सिओक हून म्हणाली. "पण आईला कुठे चष्मा होता, मावशी?"

नव्हताच. मरेपर्यंत सुईत दोरा स्वतः ओवायची, आणि माझ्या जाड चष्म्यावरून मला भर रस्त्यात आंधळी चिचुंद्री म्हणायची.

"तूच भर आता," पोरगी म्हणाली आणि पाचच्या बसने गेली.

मी चौकटीवर कापड ताणलं. आकड्याने लांबी सांगितली, रुंदी सांगितली. मोर होता की फूल, ते तो सांगत नाही. निळे मणी जास्त आहेत, एवढंच दिसतं. पहिला कुठला घ्यावा, हे विचारायला समोरच्या घरात कुणी नाही.