बद्द वाजलेली मूस

मी एक जुनी मूस आहे. मूस म्हणजे धातू वितळवायचं मातीचं भांडं. आज माझे तुकडेच उरलेत, आतून काळे, काठाला हिरवट. पण मित्रांनो, नाक मुरडू नका. माझ्या पोटात तांबं आणि कथील एकजीव होऊन त्यांचं कासं झालेलं आहे.

तुमच्या पुस्तकांत छापतात, "माणसाला धातू वितळवण्याचा शोध लागला." शोध काय ठेच लागावी तसा लागतो? त्यापायी किती जण भाजले, ते छापायला शाई पुरत नाही वाटतं! माझ्या आधीची मूस भट्टीतून उचलतानाच तडकली आणि घंटा ओतणाऱ्या आमच्या ओताऱ्याचा डावा पाय घोट्यापर्यंत जळाला. तेव्हापासून तो खुरडत चाले.

मला घडवलं त्याच्या बायकोने. फुटक्या मुशींची खापरं लोक उकिरड्यावर फेकत. तिने ती कुटली, चाळली आणि ओल्या मातीत मळली.

सासू करवादली, "अगं, चांगल्या मातीत हा कचरा कशाला कालवतेस?"

"सासूबाई, ही खापरं आगीत होरपळून आलीत. आता आगीला भीत नाहीत ती."

तिचं खरं निघालं. नुसत्या मातीची मूस दोन-तीनदा टिके. मी अकरा वेळा भट्टीत बसले. माझ्यातल्या काशाच्या घंटा लोक वाखाणत, ओताऱ्याची पाठ थोपटत. मला कोण विचारतो? ती विचारी. दर वेळी भट्टी पेटवण्याआधी मला टिचकी मारून कान लावी. मी खणखणीत वाजले, की म्हणे, "हं, बैस आता." तेवढ्यानं मी भरून पावे.

बाराव्या वेळी मी बद्द वाजले.

दारात नावाडी उभा होता. "काल धुक्यात दोन नावा धडकल्या. मला घंटा आजच हवी."

"भाऊ, हिचा आवाज बसलाय. नवी मूस वाळतेय. चार दिवस थांबा."

"आवाज बसायला ती काय गाणारी आहे, वहिनी? चीर कुठाय, दाखवा की!"

चीर दिसत नव्हती. खरं सांगते, मलाही ठाऊक नव्हती. ओतारी बायकोला म्हणाला, "अगं, एकदाच. जपून उचलतो." आणि चिमटा घ्यायला वळला.

तिने वाद घातला नाही. हातोडा उचलला आणि मला फोडलं.

"वेड लागलंय हिला!" नावाडी ओरडला.

ओताऱ्याने माझा एक तुकडा उचलला. भिंतीच्या आत, बुडापासून अर्ध्यावर, काळी पडलेली जुनी चीर होती. त्याने चिरेवरून बोट फिरवलं. मग तो नावाड्याला म्हणाला, "चार दिवस थाळी बडवा, भाऊ." आणि वाकून आपला धड पाय चाचपू लागला.

मित्रांनो, त्या हातोड्याचा मला राग नाही. तिने मला फोडलं, म्हणून माझ्या हातून कुणाचा पाय जळाला नाही. हे उपकार मी कसे विसरू? वस्तू थकली, माणूस थकलं, तरी "एकदाच" म्हणून राबवून घेणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. त्यांना तोंडावर नाही म्हणा. वेडं म्हणतील, म्हणू द्या. काम चार दिवस थांबतं. पाय पुन्हा उगवत नाही.